डोलकाठीखालची तुळई

डोलकाठी बोटीला पुढं ओढते असं आपल्याला लांबून बघून वाटतं. शीड फुगलंय, बोट कललीय, मस्त निघालीय, म्हणजे काठी ओढतच असणार की. पण बोटीच्या आत शिरून बघितलं तर त्या काठीचं खरं काम दिसतं, ती दिवसभर खाली दाबत असते. दोन्ही बाजूंनी तारा, पुढं एक, मागं एक, सगळ्या ताणून बांधलेल्या, आणि सगळ्यांचा ओढा मिळून काठीला डेकमधून खाली घुसवायला बघतोय. काठीचं स्वतःचं वजन वीस-पंचवीस किलो असंल, पण वारा भरला की तिच्या बुडाखाली अर्धा टन, पाऊण टन असा दाब सहज येतो. हा दाब जी आडवी तुळई डेकच्या खालून झेलते तिच्याबद्दल हा लेख आहे. ती दिसत नाही, तिचे फोटो कुणी काढत नाही, मला मात्र तिनं वर्षभर नादाला लावलं.

आता कोल्हापूरकराला हा नाद कुठून, हे विचारणं रास्त आहे. आमच्याकडं बोट म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात, एक रंकाळ्यावरची फेरी आणि दुसरी महापुरातली रबरी बोट. पंचगंगा 39 फुटाला इशारा पातळी, 43 ला धोका, हे आमच्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं, पण शिडाच्या बोटीचं कुणाला काय. माझ्या आत्याचा मुलगा मालवणला असतो, मोठा आहे, मी दादा म्हणतो. त्यानं एक जुनी फायबरची बोट घेतली, साधारण 20 फुटी, वजन टनाच्या आसपास, आत दोघं आडवे होतील एवढी केबिन. आणि एक दिवस त्याचा फोन, "केबिनचा दार लागणा नाय रे."

मी म्हटलं रंधा मार थोडा. तो म्हणाला गेल्या वर्षीच मारला होता. मग माझ्या डोक्यात घंटा वाजली, कारण जुन्या घरातसुद्धा दार दरवर्षी घासायला लागलं तर सुतार आधी दाराकडं बघत नाही, वर बघतो. दादाला म्हटलं डेकवर उभा रहा आणि काठीच्या बुडाभोवती हातोडीच्या दांड्यानं ठोकत जा. कडेला टणटण वाजत होतं आणि काठीजवळ बद्द. काठीचा पाया डेकला ज्या बोल्टांनी धरलाय त्याच बोल्टांच्या भोकातनं वर्षानुवर्षं पाणी आत झिरपलेलं, डेकच्या दोन फायबरच्या पापुद्र्यांमधलं लाकूड कुजलेलं, आणि त्याखालची प्लायवुडची तुळई तर अशी झालेली की स्क्रूड्रायव्हर सहज आत जात होता. डेक खाली बसला होता, म्हणून दाराची चौकट दबली होती, म्हणून दार लागत नव्हतं. बाजूच्या ताराही ढिल्या पडत होत्या आणि दादा बिचारा दर आठवड्याला त्या आवळत होता, म्हणजे कुजलेल्या तुळईवर अजून ओझं टाकत होता!

जुन्या कोकणी गलबतात, मचव्यात ही भानगडच नसते. तिथं डोलकाठी डेकमधून आरपार खाली जाते आणि पठाणावर, म्हणजे बोटीच्या कण्यावर, बसते. दाब थेट कण्याला. छोट्या केबिनच्या बोटीत मात्र मधोमध खांब आला तर आत बसणार कुठं आणि झोपणार कुठं, म्हणून काठी डेकवरच थांबवतात आणि खालून आडवी तुळई देतात. आणखी एक सोय म्हणजे काठी पटकन उतरवता येते. सोय झाली की तिची किंमत कुणीतरी मोजायची असते, इथं ती तुळई मोजते.

तर गणित. मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला, त्यामुळं गणिताशिवाय हात लावायचा नाही ही खोड. बोट 30 अंश कलल्यावर तिला परत सरळ करायला जो जोर असतो तो मी दादाच्या बोटीसाठी अंदाजे मध्यापासून 1 मीटरवर 350 किलो टांगल्याएवढा धरला. बाजूची तार मध्यापासून साधारण 1 मीटरवर बांधलेली, म्हणजे तारेत उभा ओढा 350 किलो, आणि तेवढाच दाब काठीत. त्यावर पुढच्या-मागच्या तारांचा ताण, शीड वर खेचणाऱ्या दोरीचा ताण, म्हणून दीडपट. मग लाटेवरनं बोट आदळली तर काय, म्हणून अजून जवळजवळ दुप्पट. शेवटी मी गोल आकडा घेतला, 1000 किलो. म्हणजे अख्खी बोट उचलून तुळईच्या मधोमध ठेवली असं समजा.

आता एवढं ओझं मधोमध ठेवलं तर तुळई मोडायला बघते ती किती जोरानं, हे दोन टेकूंमधल्या अंतरावर ठरतं. केबिनच्या पूर्ण रुंदीत, म्हणजे दीड मीटरवर, तुळई अधांतरी ठेवली तर ताण जेवढा येतो, त्याच्या अडीच पटीनं कमी येतो दाराच्या दोन्ही बाजूंना खांब देऊन अंतर 60 सेंटिमीटर केलं की. हे कागदावर बघितल्यावर मी तुळईचा विचार जरा बाजूला ठेवला आणि खांबांचा करायला लागलो, त्याबद्दल पुढं सांगतो. दुसरी गोष्ट उंचीची. रुंदी 75 मिलीमीटर तशीच ठेवून उंची 100 ची 120 केली तर ताकद जवळपास दीडपट होते आणि वाकायचा विरोध पावणेदोनपट, कारण ताकद उंचीच्या वर्गानं वाढते आणि ताठपणा घनानं. लाकूड मात्र फक्त पाचव्या हिश्श्यानं जास्त लागतं. जुन्या वाड्यांच्या तुळया उभ्या आयताच्या असतात त्याचं कारण हेच, ज्यानं त्या बसवल्या त्याला घन-वर्ग कुणी शिकवलं नव्हतं तरी.

उद्यमनगरात, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत, हा विषय काढला आणि सगळ्यांचं एकच उत्तर. "सी चॅनल टाका की ओ, अर्ध्या तासात वेल्ड करून देतो, चहा संपायच्या आत." तसं चुकीचं नाही ते. लोखंडात ताकद भरपूर. पण समुद्राच्या खाऱ्या हवेत साधं लोखंड बंद केबिनमध्ये किती दिवस टिकणार, आणि रंग मारला तरी जिथं बोल्टाचं भोक तिथं गंज सुरू होणारच. स्टेनलेस घेतलं तर पैसे. शिवाय डेक सपाट नसतो, मधे उंच आणि कडेला उतरता, त्या कमानीला अंगासरशी लागेल असं चॅनल वाकवायचं म्हणजे वेगळंच काम, आणि फायबरला लोखंड चिकटवायचं म्हणजे अजून वेगळं. लाकूड कमानीत बसतं, इपॉक्सीनं, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदानं, फायबरला धरतं, आणि पुढं कधी काही झालं तर मालवणातला कुठलाही सुतार त्यावर हात चालवू शकतो. मला हे शेवटचं कारण सगळ्यात वजनदार वाटलं.

आणि कोल्हापुरात लाकडाचा एक असा कारागीर आहे जो फर्निचरवाल्यांच्या गर्दीत लक्षात येत नाही, पॅटर्न बनवणारा मिस्त्री. फाउंड्रीत बीड ओतायच्या आधी वाळूत साचा उठवायला जो लाकडी नमुना लागतो तो हे लोक करतात. बाबूराव पेंटरांनी ह्याच गावात स्वतःचा सिनेकॅमेरा बनवला, त्या जातकुळीतली ही माणसं, समोर वस्तू नसताना ती हातानं उभी करणारी. आता बरेच पॅटर्न ॲल्युमिनियमचे, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, होतात, म्हणून जुन्या मिस्त्रींकडं वेळ असतो. मी ज्यांच्याकडं गेलो त्यांनी उभ्या आयुष्यात शिडाची बोट बघितली नव्हती, पण स्केच बघून पहिला प्रश्न विचारला, "हे भोक कशाला? पाणी जाईल की यातनं." मी मनात म्हटलं, माणूस बरोबर गाठलाय.

त्यांच्याकडं मोजपट्टीपण वेगळी असते बरं का. बीड थंड होताना आकसतं, मीटरला साधारण 10 मिलीमीटर, म्हणून त्यांची पट्टीच तेवढी लांब आखलेली असते. त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर ती पट्टी कपाटात टाकली आणि साधी बाहेर काढली. "न्हाईतर तुमची तुळई बोटीत मावायची न्हाई." दीड मीटरला दीड सेंटिमीटर जादा, खरंच मावली नसती.

लाकूड सागाचं घ्यायचं हे ठरलं होतं, पण नवा साग घ्यायचा म्हणजे भाव ऐकूनच घाम फुटतो, आणि तो नीट वाळलाय का याची खात्री नाही. शेवटी जुन्या लाकडाच्या वखारीत गेलो. पेठांमधले वाडे पडतायत, अपार्टमेंट होतायत, आणि त्यांच्या तुळया, खांब, कड्या वखारीत रस्त्याकडेला रचून ठेवलेल्या असतात. एक तुळई मिळाली, वरून धुरानं काळीकुट्ट, कुणाच्या तरी स्वयंपाकघरावरची असणार. रंधा मारल्यावर आतून जी सोनेरी रेघ निघाली ती बघून वखारवाला पण म्हणाला स्वस्तात दिलं राव. रेषा सरळ, गाठी कमी. फक्त खिळे! चुंबक फिरवला, तरी दोन राहिलेच, आणि मशीनच्या पात्याचे दात गेले त्याचे पैसे मी भरले. जुनं लाकूड स्वस्त पडतं असं म्हणणाऱ्यांनी पात्याचा खर्च धरलेला नसतो.

एक तुकडा कापून वजन केला, ओव्हनमध्ये वाळवून परत वजन केला. घरात त्या दिवशी जेवण कसं झालं ते विचारू नका, पण ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आला. इपॉक्सीला बारा टक्क्यांच्या आत बरं असतं. हे मे महिन्यात जमतं. शंभर वर्षं घरात वाळलेलं लाकूडसुद्धा जुलैत आमच्या हवेतलं पाणी पिऊन फुगतं, म्हणून चिकटवण्याचं काम पाऊस लागायच्या आत उरकायचं हे पक्कं केलं.

सरळ तुळईतनं कमान कोरून का काढली नाही असं काही जणांनी विचारलं. कमान कोरली की लाकडाच्या रेषा मधेच तुटतात आणि तडा त्याच रेषेनं पळतो. त्यापेक्षा पातळ पट्ट्या काढायच्या, कमानीवर वाकवायच्या आणि एकावर एक चिकटवायच्या, म्हणजे रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड वळत जाते. आम्ही 15 मिलीमीटरच्या 8 पट्ट्या केल्या. डेकची कमान फार नाही, 160 सेंटिमीटरला मधे 5 सेंटिमीटर उंच, म्हणून एवढ्या जाड पट्ट्या आरामात वाकतात. शिकंजे सोडल्यावर लाकूड थोडं परत उसळतं, पण थर जितके जास्त तितकं उसळणं कमी, आणि ते थरांच्या वर्गानं कमी होतं. दोन थर असतील तर पाव हिस्सा उसळेल, आठ असतील तर चौसष्टावा. 5 सेंटिमीटरचा चौसष्टावा हिस्सा म्हणजे पाऊण मिलीमीटर. मिस्त्रींना हे सांगितलं तर म्हणाले, "आम्ही त्याला एवढं नाव देत न्हाई, जरा जास्त वाकवून बांधतो."

गोंद कुठला यावर मात्र वाद झाला. त्यांचा जीव फेविकॉलवर, पॅटर्नला तेच वापरतात आणि सुटत नाही. पण पॅटर्नवर कायमचं ओझं नसतं. त्या पांढऱ्या गोंदात सततच्या ताणाखाली हळूहळू सरकायचा गुण असतो, आणि आपली तुळई वाकवून ठेवलेली, वर काठी दाबतेय, खाली ओलावा, सगळं त्याला नकोसं. म्हणून इपॉक्सी. सागात मुळातच तेल, ते वर आलं की इपॉक्सी धरत नाही, म्हणून प्रत्येक पट्टी खरखरीत पॉलिशपेपरनं घासायची, ॲसिटोननं पुसायची, आणि तेल परत वर यायच्या आत चिकटवायची. आधी पातळ इपॉक्सीचा हात, तो लाकडात मुरतो, मग सिलिका पावडर घालून घट्ट केलेला दुसरा. मे महिन्यात दुपारी हे करणं म्हणजे वेडेपणा, कारण इपॉक्सी उष्णतेनं लवकर घट्ट व्हायला लागतं आणि स्वतःपण उष्णता सोडतं, मगात ढीग करून ठेवलं तर धूर निघतो. आम्ही पहाटे उजाडायच्या आधी सुरू केलं, स्लो हार्डनर, म्हणजे सावकाश घट्ट करणारा दुसरा भाग, घेऊन, पसरट ट्रेमध्ये. साच्याला आधी पॅकिंगची टेप लावलेली, नाहीतर तुळई आणि साचा कायमचे नातेवाईक झाले असते.

शिकंजे आवळताना मिस्त्री मला सारखे थांबवत होते. साध्या गोंदाला करकचून आवळायचं असतं, इपॉक्सीला नाही, सगळं पिळून बाहेर आलं की सांध्यात काही उरत नाही. कडेनं बारीक ओळ बाहेर आली की बास. हे मी वाचलेलं होतं, त्यांनी हाताखाली ओळखलं, दोन्ही एकाच जागी येऊन थांबलं याची मला फार गंमत वाटली.

टोकाकडचा जादा तुकडा कापून व्हाइसमध्ये धरला आणि घणानं फोडला. सांधा सुटला नाही, लाकूड फाटलं, सांध्याच्या बाजूनं. मिस्त्रींनी तो तुकडा बराच वेळ उलटसुलट करून बघितला आणि फेविकॉलबद्दल परत काही बोलले नाहीत.

आता खांबांचं. तुळई ओझं संपवत नाही हो, ती ते फक्त बाजूला सारते. 1000 किलो मधे आले, तिनं 500-500 करून दोन्हीकडं दिले, झालं तिचं काम. मग ते 500 जातात कुठं? दादाच्या बोटीत आधीचे खांब केबिनच्या फळीवर उभे होते, आणि फळी खाली पोकळ! म्हणजे तुळई नवी टाकून खांब तसेच ठेवले असते तर दोन पावसाळ्यांत फळी खचून आपण होतो तिथंच. मला वाटतं अशा कामात माणसं सगळा जीव तुळईवर ओततात, कारण ती मोठी, देखणी, वार्निश मारायला छान, आणि खांबाच्या बुडाखाली टॉर्च मारून कुणी बघत नाही. वाडे बांधणाऱ्यांनी खांबाखाली दगडी तळखडा दिला होता, आणि तळखड्याखाली भक्कम पाया. बोटीतपण तेच हवं, खांब फळी भेदून खाली बोटीच्या तळापर्यंत, कण्याच्या जवळ, आणि तिथं दाब पसरवायला रुंद बैठक.

अजून एक. लाकूड उभ्या रेषेत दाबलं तर भक्कम, आडव्या रेषेत दाबलं तर त्याच्या पाव ताकदीचंही नाही. म्हणून खांब जिथं तुळईच्या पोटाला टेकतो तिथं खांब नाही चेपत, तुळई चेपते. उपाय साधा, खांबाचं डोकं रुंद करा. वर काठीच्या पायाखाली पण तसंच, जाड स्टेनलेसची प्लेट, म्हणजे दाब एका बोटभर जागेत न पडता तळहाताएवढ्या जागेत पडतो. खांब त्याच वखारीतल्या सागाचे केले, आणि त्यांची बुडं इपॉक्सीत अगदी तृप्त होईपर्यंत बुडवली, कारण उभी रेष म्हणजे लाकडाची नळी, खालचं पाणी तीच वर ओढते.

पाऊसभर तुळई आमच्या माळ्यावर, सगळ्या अंगानं इपॉक्सीचे हात मारून, जुन्या वाकळेत गुंडाळून. वजन दहा किलोच्या आतच. आईनं दोनदा विचारलं हे काय आणून ठेवलंयस आणि दोन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं आणि दोन्ही वेळा तिनं तसंच बघितलं. ऑक्टोबरात गगनबावड्यावरनं करूळ घाट उतरून मालवण. तुळई गाडीत तिरकी, एक टोक माझ्या खांद्याजवळ.

काठी दादानं आधीच उतरवून ठेवली होती. पहिलं काम जुनी तुळई काढायची नाही, आधी डेक उचलायचा. तळावर फळी, फळीवर ट्रकवाल्यांचा बॉटल जॅक, त्यावर लाकडी टेकू, आणि वर डेकखाली परत रुंद फळी. थोडं उचलायचं, थांबायचं, कान द्यायचा. फायबर कुरकुरतं. एकदम उचललं तर चिरतं, म्हणून रात्रभर तसंच ठेवून सकाळी अजून थोडं. डेक जागेवर आला तसं दार आपोआप मोकळं झालं, त्याला हातसुद्धा लावला नाही. मग जुनं कुजकं करवतीनं तुकडे करून काढलं, डेकमधला बद्द वाजणारा भाग वरून कापून नवीन भरला, आणि तुळई कोरडीच लावून बघितली. कमान एका बाजूला दोन मिलीमीटर सुटत होती. बोटी दोन्ही बाजूंनी सारख्या नसतातच, त्यामुळं तुळई रंध्यानं डेकला जुळवून घेतली आणि राहिलेली फट घट्ट इपॉक्सीनं भरली. लाकूड कधीही घट्ट ठोकून बसवायचं नाही, फायबरला टोचतं, मधे गादीसारखा इपॉक्सीचा थर हवाच.

बोल्टांच्या भोकांवर सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण आधीची तुळई तिथूनच मेली होती. भोक हवं त्यापेक्षा मोठं पाडायचं, ते अख्खं इपॉक्सीनं भरायचं, वाळलं की मधोमध बोल्टाच्या मापाचं परत पाडायचं. म्हणजे बोल्टाभोवती सगळीकडं इपॉक्सीची नळी होते, पाणी आलंच तरी लाकडाला शिवत नाही. मिस्त्रींनी स्केच बघून पहिल्याच दिवशी हेच विचारलं होतं. त्यांना फोटो पाठवला, तर उत्तर आलं, "आता बरं हाय."

काठी उभी केल्यावर तारा एकदम आवळल्या नाहीत. दोन्ही बाजू आळीपाळीनं, आणि मधे मधे आत जाऊन खांबाच्या बुडाशी टॉर्च. दोन-तीन वाऱ्यांनंतर तारा एकदा परत आवळायला लागल्या, तेवढं होतंच, नवीन काम थोडं बसतं. त्यानंतर दादानं पान्याला हात लावलेला नाही. आता त्याला सुकाणूचा दांडापण असाच थराथरांचा करून हवाय, आणि परवा मिस्त्रींचा फोन आला होता, त्या वाड्याच्या तुळईतल्या उरलेल्या पट्ट्या टाकल्या तर नाहीत ना विचारायला.